दीड वर्षाची झाकपाक

शैलेंद्र पोतनीसच्या वर्कशॉपमधली सहाही मशिनं दीड वर्षासाठी बंद करून ठेवायची होती, कारण जयू चालली होती.

जयू त्याची बायको. बडोद्याजवळच्या एका कारखान्यात दुधाच्या मोठमोठ्या स्टीलच्या टाक्या बनत होत्या, दोन-दोन मजले उंच, आणि त्यांच्या आतल्या जोडांसाठी कारखान्याला दीड वर्षाकरता हातानं काम करणारा वेल्डर हवा होता. त्यांनी इंदूर, देवास, उज्जैनमधल्या बारा-पंधरा जणांकडून नमुन्याचा एकेक जोड करून घेतला आणि निवडलं जयश्री पोतनीसला. पत्र आलं त्या दिवशी शैलेंद्रच्या वडिलांनी, भय्यासाहेबांनी, ते उज्जैनमधल्या नानाखेड्याच्या घराच्या गॅलरीत उभं राहून दोनदा मोठ्यानं वाचलं. भय्यासाहेब बँकेतून निवृत्त झालेले. त्यांना वेल्डिंगमधलं काही कळत नव्हतं, पण कागद कळत होता.

"पोतनिसांच्या घरात असा हात आजवर कुणाचा झाला नाही," ते म्हणाले.

शैलेंद्र तिथेच खुर्चीत बसून बूट घालत होता. त्यानं नाडी सोडली आणि परत बांधली.

नागझिरीच्या औद्योगिक वसाहतीतलं ते वर्कशॉप त्यानं वीस वर्षांपूर्वी टाकलेलं. तो स्वतः वेल्डर होता आणि चांगला होता. देवासहून लोक त्याच्याकडे काम घेऊन यायचे. चार वर्षांपूर्वी एकदा तो काम करता करता चक्कर येऊन पडला, मग आणखी एकदा, आणि मग त्याच्या छातीत पेसमेकर बसवला गेला. इंदूरचे डॉक्टर म्हणाले, "बाकी सब करो. गाड़ी चलाओ, सीढ़ी चढ़ो. बस, वेल्डिंग नहीं." मशीन चालू असताना केबलमधून जो करंट धावतो त्यानं पेसमेकर गोंधळू शकतो. त्यामुळे चालू मशिनजवळ नुसतं उभं राहायचीही मनाई.

त्यानं एक कारागीर ठेवला, तो तीन महिन्यांत दुसरीकडे गेला. तोवर बिलं आणि माल बघणारी जयू एक दिवस म्हणाली, "मला शिकवा."

त्यानं तिला बाहेर उभं राहून शिकवलं. ती आत जोड करायची, मशीन बंद करायची आणि तुकडा घेऊन फाटकाशी यायची. तो चष्मा लावून बघायचा. इथे हात थांबला. इथे तार उशिरा दिली. इथे जाळलंस. पहिले सहा-आठ महिने प्रत्येक तुकड्यात तीन-चार चुका असायच्या आणि ते दिवस, नीट आठवलं तर, आजारपणानंतरचे त्याचे सगळ्यात सुखाचे दिवस होते. मग चुका दोनवर आल्या, एकावर आल्या. एके दुपारी तिनं आणलेला तुकडा त्यानं उलटासुलटा करून पाहिला. सारख्या अंतराच्या बारीक लाटा, सोनेरी रंगाच्या, कुठेही निळं-काळं पडलेलं नाही. बोलायला काहीच नव्हतं.

"ठीक आहे," तो म्हणाला आणि तुकडा परत दिला.

त्यानंतर तो "ठीक आहे" एवढंच म्हणत गेला. एका डेअरीचा मॅनेजर टाकी न्यायला आला होता. त्यानं जोडावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "भिया, ये किसने किया?" शैलेंद्रनं सांगितलं, "अपने यहीं हुआ है." जयू दहा फुटांवर हातमोजे झटकत होती. तिनं ऐकलं आणि ती आत गेली.

आता माणूस ठेवून वर्कशॉप चालवायचं तर लक्ष ठेवायला आत उभं राहणारं कुणीतरी हवं, आणि ते शैलेंद्रला जमणार नव्हतं. जयूनंच सुचवलं की दीड वर्ष बंद ठेवू, आल्यावर पुन्हा उघडू. देवास गेटच्या एका वेल्डिंग सामानाच्या दुकानात त्याला काउंटरवर बसायला बोलावलं होतं, तेवढ्यापुरता त्यानं होकार दिला. श्रुती, त्यांची मुलगी, इंदूरला हॉस्टेलवर होती. घरात राहणार तो आणि भय्यासाहेब.

"मशिनं मी ठेवतो बांधून," तो म्हणाला. "बंद मशिनला हात लावायला मला कुणी नाही म्हटलेलं."

दोन आठवडे होते. त्यानं यादी केली आणि कामाला लागला, आणि पहिले काही दिवस त्याला खरंच बरं वाटलं. चार वर्षांत तो या यंत्रांच्या इतका जवळ आला नव्हता. मेन स्विच काढून किल्ली खिशात टाकायची आणि आत जायचं. एकेकाची पत्र्याची बाजू उघडून कोरड्या हवेनं, कमी दाबानं, आतली लोखंडाची धूळ बाहेर काढायची. जोरात मारली तर ती धूळ उलट आत जाऊन बसते. तारेची रिळं काढून ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर जाड पिशवीत बंद करायची. तार ओढणाऱ्या चाकांवरचा दाब सैल करायचा. तांब्याच्या जोडण्यांना व्हॅसलिनचा हलका हात. गॅसचे रेग्युलेटर उतरवून त्यांचे स्क्रू पूर्ण ढिले करायचे, नाहीतर आतली स्प्रिंग दीड वर्ष दाबलेल्या अवस्थेत राहते. ऑक्सिजनच्या रेग्युलेटरजवळ तेलाचा हात न्यायचा नाही. केबलची मोठी वेटोळी करून उंच खुंट्यांवर टांगायची, उंदरांपासून लांब. प्रत्येक मशीन लाकडी फळ्यांवर, जमिनीपासून वीतभर वर. वर प्लास्टिक घट्ट बांधायचं नाही, आत दमट होतं. जयूनं भैरवगढहून जाड सुती कापड आणायचं ठरवलं होतं, ते आधी आणि ताडपत्री त्यावर सैल.

आणि प्रत्येकाच्या गळ्यात पुठ्ठ्याची चिठ्ठी: काय केलं, काय स्थिती आहे, तारीख, सही.

झाकण्याआधी प्रत्येक मशीन पंधरा मिनिटं चालवून बघायचं होतं, म्हणजे कुठल्या अवस्थेत ठेवलं ते लिहून ठेवता येतं. ते जयूनं केलं. त्या दिवशी शैलेंद्र फाटकाबाहेर, रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर जाऊन उभा राहिला. शेडच्या पत्र्याच्या फटींतून निळा उजेड लपलपत होता. त्याला उजेडाकडे बघायचं नव्हतं. त्यानं पाठ केली. पण आवाज येतच होता. पहिली पाच मशिनं साधी, तडतडणारी. सहावं सुरू झालं तेव्हा त्याला पाठ करूनही कळलं, कारण त्याचा आवाज फक्त सुईसारखा बारीक घुमतो.

ते टिग मशीन, स्टीलच्या नाजूक जोडांचं. वर्कशॉपमधलं सगळ्यात भारी, हातात धरायचा टॉर्च पाण्यानं थंड करणारं. पडायच्या पाच महिने आधी त्यानं ते घेतलं होतं. जबलपूरच्या एका कारखान्यात पाहिलं होतं आणि तीन वर्षं त्याच्या मनात होतं. पाच महिने त्यानं ते वापरलं. त्यानंतर जयू वापरत होती. त्या घुमण्यात एकही खंड पडत नव्हता. हात कुठेही अडत नव्हता. तो थंडगार झालेला चहा हातात घेऊन ऐकत राहिला आणि मनात म्हणाला, आता चुकेल, आता कोपरा येईल. कोपरा आला असणार. आवाज तसाच राहिला.

जायला चार दिवस राहिले असताना जयू कापड आणायला भैरवगढला गेली. शैलेंद्र एकटाच होता. टिग मशिनच्या खालची कूलरची पेटी तेवढी उरली होती. टॉर्चला थंड ठेवणारं सात लिटर पाणी त्या पेटीत असतं, ते काढून टाकून नळ्या फुंकून कोरड्या करायच्या. एवढं केलं की यादी संपली.

तेवढ्यात फोन वाजला. बडोद्याहून.

"मैडम का फ़ोन नहीं लग रहा, आप उनके मिस्टर ना?" पलीकडचा माणूस मोकळा होता, हसतमुख. त्याला गाडीची वेळ विचारायची होती. ती विचारून झाल्यावर तो म्हणाला, "साहब, मैडम का सैंपल हमने ऑफ़िस में रखवा लिया है. नए लोगों को दिखाते हैं कि ऐसा चाहिए." मग जरा थांबून, "आप भी इसी लाइन में हैं क्या?"

"हाँ," शैलेंद्र म्हणाला. "मैं भी."

फोन ठेवून तो कूलरपाशी उकिडवा बसला. पाण्याचं बूच खालच्या बाजूला होतं. त्यानं पाना लावला. मग काढून घेतला.

मागे एकदा त्याच्याकडे दुरुस्तीला एक असाच कूलर आला होता. कुणीतरी पाण्यासकट वर्षभर ठेवून दिलेला. पाणी हिरवं होऊन त्याचा चिखल झालेला आणि पंप आतून असा धरलेला की फेकून द्यावा लागला. टॉर्चच्या नळ्याही गेल्या होत्या. बाहेरून पाहिलं तर पेटी नवी दिसत होती.

तो उठला. पुठ्ठ्याच्या चिठ्ठीवर त्यानं लिहिलं, "पाणी काढलं. नळ्या कोरड्या केल्या." तारीख घातली, सही केली आणि चिठ्ठी पेटीच्या मुठीला बांधली. अक्षर नेहमीसारखंच आलं होतं. हात धुऊन तो घरी गेला आणि भय्यासाहेबांबरोबर नीट जेवला.

दोन दिवसांनी फळ्यांवर चढवायचं काम संपवायचं होतं. जड मशिनं शेजारच्या वर्कशॉपमधल्या लोकांनी आधीच चढवली होती, कूलर तेवढा दोघांनी उचलायचा होता. जयूनं एक मूठ धरली, त्यानं दुसरी. वीतभर उचलला आणि ती थांबली.

"ठेवा खाली," ती म्हणाली.

"का?"

"यात पाणी आहे."

"थोडं राहिलं असेल तळाला."

तिनं चिठ्ठी वाचली, पाना आणला, पेटी भिंतीकडे सरकवली आणि बूच काढलं. पाणी धारेनं आलं आणि येत राहिलं. फरशीवरून फाटकाकडच्या उताराला लागलं. दोघंही त्याच्याकडे बघत उभे होते.

"विसरलात?"

"हो."

"रेग्युलेटरचे स्क्रू आटे मोजून ढिले केलेत तुम्ही. केबलच्या टोकांना कापड बांधलंत. आणि हे विसरलात?"

धार बारीक झाली होती, पण थांबली नव्हती.

"नाही विसरलो," शैलेंद्र म्हणाला.

जयू बाजूच्या स्टुलावर बसली. तिचा आवाज चढला नाही. "मोडलं असतं ना हे. आपलंच आहे. मोडून काय मिळालं असतं तुम्हाला?"

"तू आल्यावर ते चाललं नसतं. मग तुला मी लागलो असतो." हे बोलल्यावर ते कसं ऐकू येतंय ते त्याचं त्यालाच कळलं. तो घाईनं पुढे म्हणाला, "नाही, तेवढंच नाही. तुला त्रास व्हावा असंही होतं मनात. दोन्ही होतं."

"माझा राग येतो?"

"राग असता तर भांडलो असतो. हेवा वाटतो मला तुझा, जयू. तुझा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. धडधाकट होतो तेव्हाही माझा तसा नव्हता. बाकीच्यांना नुसतं चकचकीत दिसतं. मला पूर्ण दिसतं ते. तू शिकलीस ती माझ्याकडे, आणि मी इतक्या वर्षांत जे केलं नाही ते तू चारात केलंस. त्या दिवशी टपरीवर उभा राहून मी वाट बघत होतो की तुझं कुठेतरी चुकावं. चहा पीत. बायकोचं चुकावं म्हणून."

जयूनं स्टुलावरूनच पायानं फरशीवरचं पाणी उताराकडे लोटलं.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "तुम्ही 'ठीक आहे' म्हणायला लागलात ना, तेव्हापासून. एकदा मी मुद्दाम एक जोड बिघडवून आणला होता. दिवाळीच्या आधी. आठवतंय? तुम्ही अर्धा तास समजावत होतात. घरी जाताना कचोरी घेतलीत सगळ्यांना. किती खूश होतात त्या दिवशी."

त्याला तो दिवस आठवला. त्याच्या कानशिलांपर्यंत गरम झालं.

"मुद्दाम?"

"मुद्दाम. आणि रात्रभर मला झोप आली नाही. मग ठरवलं, परत असं करायचं नाही." ती उठली. "आणि नाहीच करणार, अहो. तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी वाईट काम करणार नाही. तिकडेही नाही, इकडे आल्यावरही नाही."

ती माफ करते आहे की नाही हे त्याला तिच्या चेहऱ्यावरून कळेना, आणि विचारायची हिंमत झाली नाही.

"ती चिठ्ठी फाडा," ती म्हणाली, "आणि दुसरी लिहा. आजची तारीख घालून."

त्यानं दुसरी चिठ्ठी लिहिली. तोवर तिनं कॉम्प्रेसर लावून नळ्या फुंकल्या, बोटानं कोरड्या झाल्याची खात्री केली आणि बूच परत लावलं. मग दोघांनी पेटी उचलली. आता ती हलकी होती. भैरवगढच्या लाल छापाच्या कापडाची दोन टोकं तिनं धरली, दोन त्यानं, आणि शेवटचं मशीन झाकलं.

शनिवारी तो तिला स्टेशनवर सोडायला गेला. श्रुती इंदूरहून आली होती, भय्यासाहेब काठी घेऊन आले होते. गाडी लागल्यावर जयूनं वाकून त्यांना नमस्कार केला, श्रुतीला जवळ घेतलं आणि शैलेंद्रला म्हणाली, "गोळ्या वेळेवर घ्या." एवढंच.

पुढचे दोन महिने फोन फार जपून व्हायचे. नळाला पाणी आलं का, भय्यासाहेबांचा गुडघा कसा आहे, श्रुतीची परीक्षा. कामाबद्दल ती बोलत नव्हती आणि तो विचारत नव्हता. तो दिवसा देवास गेटच्या दुकानात रॉड, होल्डर, काळ्या काचा विकायचा. महिन्याच्या पहिल्या रविवारी वर्कशॉप उघडून कापडं उचलायचा, पंखे हातानं फिरवायचा, सिलिका जेल निळ्याचं गुलाबी झालं असलं तर बदलायचा, चिठ्ठ्यांवर तारीख टाकायचा. टिगजवळ आला की अजूनही त्याला तिचा हेवा वाटायचा. हे कमी होईल असं त्याला वाटलं होतं. झालं नाही. पण त्यानं एकही रविवार चुकवला नाही, आणि टिगची पेटीही इतरांसारखीच उघडून पाहिली.

तिसऱ्या महिन्यात, एका मंगळवारी सकाळी अकराला, दुकानात असताना तिचा फोन आला.

"वेळ आहे का?" तिचा आवाज ओढलेला होता. "माझे जोड नापास होतायत. एक्सरेत. दोनदा झालं. वरून छान आहे, पण आतल्या बाजूनं काळं पडतंय, साखरेचे दाणे चिकटल्यासारखं. हवा लागू नये म्हणून आत गॅस सोडतेय मी, वाढवून सोडतेय, तरी. उद्या तिसऱ्यांदा फिल्म काढणार आहेत. यावेळी नाही झालं तर दुसऱ्या माणसाला देणार म्हणाले."

शैलेंद्रच्या छातीत काहीतरी मऊ, गोड असं पसरलं. दोनदा नापास. ऑफिसात नमुना ठेवलाय तिचा, आणि दोनदा नापास. ते गोड वाटणं त्यानं ओळखलं आणि तरीही ते ओसरेना.

आणि चूक काय होती ते त्याला तिचं बोलणं संपायच्या आत कळलं होतं.

"गिऱ्हाईक आलंय," तो म्हणाला. "करतो फोन."

गिऱ्हाईक आलं नव्हतं. तो काउंटरमागे बसून राहिला. मग खरंच दोघं-तिघं आले; त्यानं एकाला रॉडचं पाकीट दिलं, एकाला चुकीची काच दिली आणि परत घेऊन बदलून दिली. बारा वाजले. काही न बोलता संध्याकाळपर्यंत राहिलं तरी चालण्यासारखं होतं. सुचलं नाही म्हणता आलं असतं. कुणाला कळलं नसतं, तिलाही नाही; यावेळी उचलून बघायला पेटी नव्हती. साडेबारा वाजले. ती आता कुठेतरी टाकीच्या सावलीत डबा उघडून बसली असेल आणि फोन समोर ठेवला असेल, असं त्याच्या डोळ्यांसमोर आलं. तिला दुसऱ्या कुणाला विचारता आलं असतं. तिथे इंजिनियर होते. तिनं त्याला विचारलं होतं, पाण्याचं सगळं माहीत असून.

एकला त्यानं शटरबाहेर येऊन फोन लावला.

"गॅस कमी कर," तो म्हणाला.

"कमी? अहो, आधीच पुरत नाहीये."

"पुरतोय. जोरात सोडतेस म्हणून तो आत घुसळतो आणि फटीतून बाहेरची हवा ओढून घेतो. जोडामागची गॅसची जागा दोन्ही बाजूंनी नीट बंद कर. आधी हळू सोडून भरू दे, घाई करू नकोस, पंधरा-वीस मिनिटं लागली तर लागू देत. मग आणखी कमी कर आणि सुरू कर. झाल्यावर लगेच बंद करू नकोस, थंड होईतो चालू ठेव."

ती लिहून घेत होती. पेनाचा आवाज येत होता.

"हे मला आधी का नाही सांगितलंत?"

"आपल्याकडे एवढ्या मोठ्या टाक्या कधी झाल्याच नाहीत. मी जबलपूरला पाहिलं होतं."

"नाही," ती म्हणाली. "अकरा वाजता का नाही सांगितलंत?"

रस्त्यावर एक बस हॉर्न देत अडकली होती. तो ती पुढे सरकेपर्यंत थांबला.

"दोन तास लागले मला," तो म्हणाला.

जयू हसली नाही. रागावलीही नाही. "बरं," ती म्हणाली. "दोन तासांत झालं."

गुरुवारी दुपारी तिनं फिल्म पास झाल्याचा निरोप पाठवला आणि सोबत जोडाचा एक फोटो, आतल्या बाजूनं काढलेला. शैलेंद्रनं तो मोठा करून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकवत पाहिला. मग पुन्हा उलट दिशेनं. चूक सापडली असती तर त्याला आवडलं असतं. सापडली नाही. नेहमीसारखं आत काहीतरी टोचलं, आणि त्यानं ते टोचू दिलं.

"फार सुंदर झालाय," त्यानं लिहिलं. पाठवायच्या आधी एकदा वाचलं, काही खोडलं नाही आणि पाठवून दिलं. मग काउंटरशी उभ्या असलेल्या माणसाला त्यानं विचारलं, "हाँ भिया, क्या चाहिए?"